विश्लेषण : ‘टुरा’, ‘पोट्टा’, ‘भाऊ’, ‘भय्या’... माणसाला हाक मारणारे शब्द कुठे माया लावतात, कुठे अपमान करतात?

दहा वर्षांचा एकच मुलगा. पुण्यात तो ‘पोरगा’, नागपुरात ‘पोट्टा’ आणि भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखांदूरकडे ‘टुरा’. घरच्यांना तिन्ही शब्द सारखेच गोड. पण हाच मुलगा मोठा होऊन शिकायला पुण्याला गेला आणि बोलता बोलता ‘आमच्या गावचे पोट्टे’ म्हणाला, की खोलीत हशा पिकतो. शब्दात शिवी नसते आणि बोलणाऱ्याच्या मनातही नसते. तरी पुढच्या वेळी तो मुलगा तोंड उघडण्याआधी विचार करतो. काही महिन्यांत ‘पोट्टा’ जातो, ‘काहून’ जाते, ‘करून राहिलो’ही जाते.

माणसाने माणसाला काय म्हणावे, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न आहे. पण त्यावर हाणामाऱ्या झाल्या आहेत, न्यायालयांत खटले चालले आहेत, सरकारला वस्त्यांची नावे बदलावी लागली आहेत. हे शब्द येतात कुठून, बिघडतात कसे आणि कायदा काय सांगतो, ते पाहू.

झाडीपट्टीत ‘टुरा’ आला कुठून?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग म्हणजे झाडीपट्टी. येथली बोली ती झाडीबोली. भंडारा जिल्हा उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाटला लागून आहे. गोंदिया ओलांडले की छत्तीसगड. १ मे १९९९ पर्यंत गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात होता. राज्यांच्या सीमा नंतर आल्या, लोकांचे येणेजाणे आणि सोयरिकी त्याआधीच्या. म्हणूनच ‘टुरा-टुरी’ हे शब्द छत्तीसगडीत आणि पोवारी बोलीतही मुलगा-मुलगी याच अर्थाने वापरतात.

नागपुरातला ‘पोट्टा’ही असाच फिरस्ता आहे. विदर्भात तो घरोघरी आहे आणि थेट हैदराबादच्या दखनी बोलीतही ‘पोट्टा-पोट्टी’ ऐकू येते.

उच्चारानेही नाव बदलते. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्या जागी ‘र’ येतो. डोळा म्हणजे ‘डोरा’, फळ म्हणजे ‘फर’. वऱ्हाडीत याच ‘ळ’चा ‘य’ होतो आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो. त्यामुळे रंगावरून ठेवलेले एकच टोपणनाव पुण्यात ‘काळ्या’, तर भंडाऱ्यात ‘काऱ्या’ होते. चुकीचा उच्चार म्हणून शाळेत ज्यावर हसतात, तो त्या बोलीचा नियम असतो. नियम म्हणजे तो एका शब्दापुरता नसतो, ‘ळ’ येईल तिथे लागू पडतो.

‘काय गा’ हे उद्धट आहे का?

नाही. बाहेरच्यांची इथेच सर्वाधिक फसगत होते. पूर्व विदर्भात पुरुषाला ‘गा’ आणि स्त्रीला ‘वो’ किंवा ‘वं’ लावून हाक मारतात. ‘कुठं चालले गा मामाजी?’ या वाक्यात ‘गा’ आहे, ‘जी’ आहे आणि क्रियापदही आदराचे आहे. त्यात आपुलकी आणि मान दोन्ही आहेत.

हा ‘गा’ अडाणी तर नाहीच, उलट फार जुना आहे. ज्ञानेश्वरी आणि महानुभावांचे लीळाचरित्र या तेराव्या शतकातल्या ग्रंथांत संबोधनाचा ‘गा’ भेटतो. प्रमाण मराठीतून तो गेला, झाडीत टिकला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. भाषेचे जुनेपण हा त्या दर्जाचा एक निकष. त्या जुनेपणाचा एक जिवंत तुकडा साकोलीच्या आठवडी बाजारात रोज वापरात आहे.

नागपूरचा ‘बे’ मात्र वेगळा. तो बरोबरीच्यांत चालतो. ‘काय बे’ मित्राला म्हटले तर दोस्ती, मास्तरांना म्हटले तर कानफटात. म्हणजे शब्द तोच, फक्त कोण कोणाला म्हणतो ते बदलले. पुढे येणारी प्रत्येक गोष्ट याच सूत्रावर चालते.

गावावरून माणसाचे नाव किती जुने?

लीळाचरित्रात श्रीचक्रधरांचे एक अनुयायी आहेत, निळभट्ट भांडारेकार. त्यांच्या नावातले गाव म्हणजे आजचे भंडारा, असे मानले जाते. ‘मुंबईकर’, ‘पुणेकर’ हे आज अभिमानाने मिरवले जाणारे शब्द याच साच्यातले. मराठीचा हा ‘कर’ साडेसातशे वर्षे तरी माणसांना गावाशी बांधतो आहे.

गावाच्या नावात सहसा अपमान नसतो. प्रदेशाच्या नावात मात्र तो पटकन शिरतो. मुंबईत ‘घाटी’ म्हणजे घाटावरचा. अर्थ निव्वळ भूगोलाचा, पण सूर ‘गावंढळ’ असा. ‘झाडीतला’ या शब्दाचेही काही ठिकाणी तेच होते.

इटलीतही हेच घडले. उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडच्यांना ‘तेर्रोनी’ म्हणजे मातीतले म्हणून हिणवतात. दक्षिणेकडचे त्यांना ‘पोलेंतोनी’ म्हणतात, म्हणजे मक्याच्या पिठाचे पोलेंता खाणारे. लिव्हरपूलच्या माणसाला ‘स्काउसर’ म्हणतात, तेही तिथल्या खलाशांच्या ‘लॉब्सकाउस’ नावाच्या रश्श्यावरून. दुसऱ्याचे ताट, माती आणि बोली यांवरून नाव पाडणे जगभर चालते. फरक इतकाच की लिव्हरपूलकरांनी ते नाव कौतुकाने स्वतःच घेतले.

स्कॉटलंडचे उदाहरण भंडाऱ्याला का लागू पडते?

स्कॉटलंडमध्ये इंग्रजीशेजारी ‘स्कॉट्स’ नावाची भाषा बोलतात. इंग्रजीच्या जवळची म्हणून तिला कित्येक वर्षे ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हटले गेले. झाडीबोलीला ‘अशुद्ध मराठी’ म्हणतात, तसेच.

तिथेही मुलासाठीचा शब्द दर कोसावर बदलतो. ग्लासगोकडे मूल म्हणजे ‘वेन’, म्हणजे ‘छोटंसं’. पूर्वेकडे तेच ‘बेर्न’, म्हणजे पोटी जन्मलेले. ईशान्येला ॲबर्डीनकडे मुलगा ‘लून’ आणि मुलगी ‘क्वाइन’. आता इंग्रजीत ‘लूनी’ म्हणजे वेडा. ॲबर्डीनच्या आईने लाडाने मारलेली हाक लंडनच्या कानाला भलतीच वाटते. आपल्या ‘पोट्ट्या’ची पुण्यात होणारी अवस्था हीच.

ग्लासगोत दुकानदार बाईला ‘हेन’ म्हणतो. शब्दाचा अर्थ कोंबडी, पण तिथे तो ‘ताई’ किंवा ‘बाई’सारखा मायेचा. शब्दकोश पाहून हाकेचा अर्थ कळत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मूर्खासाठीचे शब्द पाहिले तर दोन्हीकडचे शेतकरी एकाच बांधावर बसलेले वाटतात. स्कॉट्समध्ये मूर्खाला ‘गाउक’ म्हणजे कोकीळ कुळातला पक्षी, ‘टमशी’ म्हणजे सलगम, किंवा ‘नम्प्टी’ म्हणतात. आपल्याकडे घुबड, टोणगा, नंदीबैल, माठ, ठोंब्या. विदर्भाची खास भर म्हणजे ‘भैताड’ आणि ‘बह्याड’. ‘मूर्ख’ म्हटले तर भांडण होते. ‘भैताड आहे लेकाचा’ म्हटले तर समोरचाही हसतो. अशा शब्दांत राग असतो, पण नाते तोडण्याइतका नसतो. बोलीत असे सौम्य शब्द भरपूर असतात. ते गेले की रागावण्यासाठी उरतात फक्त नरडीला लागणाऱ्या शिव्या.

स्कॉट्स बोलली म्हणून शाळेत शिक्षा भोगलेल्या पिढ्या तिथे आहेत. पण २०११ च्या जनगणनेत प्रथमच या भाषेविषयी प्रश्न विचारला गेला आणि सुमारे १५ लाख लोकांनी ‘आम्हाला ती बोलता येते’ असे नोंदवले. २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला.

नात्याचे शब्द शिवी कसे होतात?

मराठीत अनोळखी माणसालाही आपण नात्यानेच हाक मारतो. भाजीवाल्या मावशी, एसटीतले कंडक्टर मामा, बँकेतले काका, रांगेतली ताई. विदर्भात नेत्यापासून पानठेलेवाल्यापर्यंत सगळे ‘भाऊ’. पण या नात्यांचेही पुढे काय काय होते, ते पाहा.

- दादा : मोठा भाऊ. त्यातूनच ‘दादागिरी’ निघाली आणि हिंदीतही गेली.
- भाई : अर्थ तोच. मुंबईत मात्र ‘भाई’ म्हटले की गुन्हेगारीही डोळ्यांसमोर येते.
- मामा : आईचा भाऊ. रस्त्यावर पोलीस, आणि ‘मामा बनवणे’ म्हणजे फसवणे.
- अण्णा : दक्षिणेत थोरला भाऊ, मुंबईत इडलीवाला.
- भय्या : हिंदीत भाऊच. मुंबईत तो आधी दूधवाला-भाजीवाला झाला, मग उत्तर भारतीय माणसासाठीचा हिणकस शब्द.

शेवटचा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. उत्तर प्रदेशातली बहीण आपल्या भावाला मायेने ‘भैय्या’ म्हणते. मुंबईत तोच शब्द धमकी म्हणून ऐकावा लागतो. शब्दाची अक्षरे बदललेली नाहीत. हाक मारणारा बहिणीच्या जागी उभा नाही, एवढेच बदलले आहे.

‘राम्या’ आणि ‘रामराव’ यांत काय फरक?

व्याकरणाचा एक तुकडा माणसाची पायरी ठरवतो. राम, रामू, राम्या, रामभाऊ, रामराव, रामजी. माणूस एक, प्रत्यय वेगळे. ‘या’ लावला की सलगी होते किंवा तुच्छता. बालमित्र ‘राम्या’ म्हणाला तर बरे वाटते. मालकाने साठीच्या गड्याला ‘राम्या’ म्हटले तर ते बोचते. अनेक गावांत एका वाड्यातले सगळे ‘राव’ आणि वेशीबाहेरच्या वस्तीतले सगळे ‘या’ अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या होती. तेव्हा प्रत्ययावरून जात कळत असे.

मराठीत आणखी एक सोय आहे, नपुंसकलिंगाची. पोरगा-पोरगी यांच्यासोबत ‘पोरगं’, ‘पोट्टं’, ‘कार्टं’, ‘लेकरू’. ‘तो आला’ ऐवजी ‘ते ध्यान आलं’ म्हटले की माणसाची वस्तू होते. आजी नातवाला म्हणते तेव्हा त्यात माया असते. नव्या सुनेविषयी कोणी म्हणते तेव्हा त्यात टोमणा असतो.

व्यंगावरून पडलेली नावे हा गावातला सर्वांत अवघड प्रकार. एका नावाची चार माणसे असली की ओळख पटावी म्हणून ‘लंगडा’, ‘बुटका’, ‘तिरळा’ ही विशेषणे चिकटतात. म्हणणाऱ्याला सोय होते, पण ऐकणाऱ्याला जन्मभराचा शिक्का बसतो. ‘त्याला काही वाटत नाही’ असे बाकीचे म्हणतात. त्याला मात्र क्वचितच कोणी विचारलेले असते.

नावच अपमान असेल तर?

पाळण्यातल्या नावानेही जखम होते. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुशा’, ‘नकोशी’ अशी नावे ठेवली गेली. सातारा जिल्हा परिषदेने अशा मुली शोधून काढल्या आणि ऑक्टोबर २०११ मध्ये झालेल्या कार्यक्रमात २८५ मुलींना त्यांच्या आवडीची नवी नावे दिली. हजेरीत रोज ‘नको’ म्हणून पुकारली जाणारी मुलगी त्या दिवसापासून स्वतः निवडलेल्या नावाला ‘हजर’ म्हणू लागली.

वस्त्यांचेही असेच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवण्यात आली. पत्ता सांगताच समोरच्याला जात कळू नये, हा त्यामागचा हेतू.

समूहाचे नाव कोणी ठरवायचे?

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात या भागातल्या बोलींची नावे पाहिली तर कोष्टी, गोवारी, कुंभारी, झाडपी अशी सापडतात. बहुतेक माणसांच्या जातींची, एक प्रदेशाचे. बोलणाऱ्याने स्वतःच्या बोलीला काय म्हटले असते, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला.

कागदावरच्या नावाचे पुढे काय होते, हे पूर्व विदर्भाने फार जवळून पाहिले आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. गुरे राखणारा गोवारी समाज सांगत होता की ते आम्हीच. या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा मृत्यू झाला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याआधी २८ नोव्हेंबर २००० रोजी ‘हलबा’ या नोंदीत ‘हलबा-कोष्टी’ वाचता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. विणकरांच्या कित्येक घरांतली नोकरी आणि प्रवेश या एका जोडशब्दावर अडले.

उलट दिशेनेही नावे चालतात. ‘हरिजन’ हे नाव इतरांनी दिलेले म्हणून आंबेडकरी चळवळीने नाकारले. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ज्या भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेसाठी उभे होते, तिथे ही चर्चा परकी नाही. १९७२ मध्ये दलित पँथरने ‘दलित’ हा शब्द दुःखाचा न ठेवता लढ्याचा केला. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठातील याचिकेनंतर केंद्राने माध्यमांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली. त्यावर अनेक कार्यकर्त्यांनी विचारले : हा शब्द आम्ही निवडला, तो काढणारे तुम्ही कोण?

कायदा काय सांगतो?

- अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ : या समाजातील व्यक्तीचा लोकांना दिसेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा तिला जातीच्या नावाने शिवी देणे हा गुन्हा आहे. आरोपी त्या समाजाबाहेरचा असला पाहिजे.
- भारतीय न्याय संहिता (१ जुलै २०२४ पासून), कलम ३५२ : शांतताभंग व्हावा म्हणून चिथावणी देणारा हेतुपुरस्सर अपमान हा गुन्हा आहे. इथे जातीची अट नाही.
- ईशान्येकडील नागरिकांसाठी वापरला जाणारा ‘चिंकी’ हा शब्द अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्ये कळवले. तरीही जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून शेरेबाजी झाली, भांडण पेटले आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला.

कायद्याचे हात इथे तोकडे आहेत. ‘झाडीतला’ किंवा ‘पोट्टे’ म्हणून हसणे गुन्हा नाही, आणि तो असावा असेही कोणी म्हणत नाही. पण वर्गात बाराखडी शिकणारे मूल घरचा शब्द बोलले आणि त्याला गप्प केले गेले, की त्याचे शिकणेच अडखळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. घरची भाषा म्हणजे भंडाऱ्यात झाडी, पोवारी किंवा गोंडीही, हे मान्य केले तरच त्या वाक्याला अर्थ.

मग बोली टिकते कशी?

हसणाऱ्यांना उत्तर देण्यापेक्षा वापरणाऱ्यांनी वापरत राहण्याने ती टिकते. झाडीपट्टीत हे रंगभूमीने केले. धानाची कापणी झाली की मंडई भरतात, दंडार आणि खडी गंमत रंगते, रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्या नाटकांचे केंद्र. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, तिची साहित्य संमेलने भरू लागली.

हाक मारण्यापूर्वी तीन प्रश्न

एखादा शब्द वापरावा की नाही, याची यादी कुठेच मिळणार नाही. पण तीन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. हा शब्द तो माणूस स्वतःसाठी वापरतो का? आपण त्याला ज्या शब्दाने हाक मारतो, त्याच शब्दाने तो आपल्याला मारू शकतो का? आणि त्याच्या मुलांदेखत आपण तो शब्द उच्चारू का?

‘टुरा’ या तिन्ही परीक्षांत पास होतो. ‘भैताड’ बरोबरीच्यांत पास होतो. व्यंगावरचे नाव दुसऱ्याच प्रश्नावर अडते, आणि जातीवरची शिवी पहिल्यावरच.